ह्या गाडीचा गँगमन कुठी हाये?

मे महिन्यात भुसावळला दुपारी बाहेर काय चाललंय हे पाहायचं, तर खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहावं लागतं. त्याहून जास्त सरकवला तर उन्हाचा झोत थेट डोळ्यात. जामनेर रोडवर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर आलेली, कुत्री गटाराकाठच्या ओलीत पोट टेकून पडलेली, तारेवरचे कपडे वाळून पापडासारखे कडक झालेले. पारा ४५ च्या पुढे गेला की गाव पाच वाजेपर्यंत असंच राहतं. बाहेरगावचा माणूस या वेळी स्टेशनवर उतरून बाहेर आला तर त्याला वाटेल, इथून माणसं कधीची निघून गेली आहेत.

मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्टी लागली की माहेरी येते. पुण्याला शिकणारा माझा मुलगाही येतो. यंदा तो येताना सिनेमांची आणि मालिकांची यादीच घेऊन आला. दुपारभर कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि लॅपटॉप टीव्हीला जोडून एकेक पाहायचं. खाटेवर अण्णा, म्हणजे माझे वडील. खाली सतरंजीवर आई चिंचा फोडत बसलेली. पहाटे गच्चीवर बिबडे घालून झालेले असतात, पण दुपारी नुसतं बसणं तिला जमत नाही. तिच्या शेजारी मी, निम्मं लक्ष पडद्यावर आणि निम्मं चिंचोक्यांवर.

मुलाला दोन तऱ्हेच्या गोष्टी आवडतात. एक खुनाच्या तपासाच्या, आणि दुसऱ्या, तो ज्यांना डिस्टोपिया म्हणतो त्या. आईने पहिल्याच दिवशी त्यांना नाव दिलं, ‘जगबुडीचे पिक्चर’. नाव सोपं होतं, घरात तेच चाललं. पण चारपाच सिनेमे पाहिल्यावर मला जाणवलं की यांत जग बुडत नाही. जगबुडीत सगळं एकदाचं संपतं. इथे सगळं चालू राहतं. गाड्या धावतात, पहारेकरी पहाऱ्यावर येतात, ठरल्या वेळी ठरलेलं अन्न मिळतं. कुणाच्या तरी जिवावर रहाटगाडगं फिरत राहतं आणि बाकीच्यांना त्याची सवय होते. मला भीती वाटली ती त्या सवयीची.

हे सगळं मला असं नीट दिसायला लागलं ते अण्णांच्या एका प्रश्नामुळे. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मुलाने ‘स्नोपीअर्सर’ लावला होता. बाँग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा, २०१३ सालचा. मूळ गोष्ट १९८२ च्या एका फ्रेंच चित्रकथेतली. पृथ्वी तापली म्हणून माणसं आकाशात एक रसायन फवारतात, ते जरुरीपेक्षा जास्त काम करतं आणि सगळं जग गोठतं. उरलेली माणसं एका आगगाडीत. ही गाडी सतरा वर्षं न थांबता धावते आहे, वर्षाला पृथ्वीची एक फेरी. पुढच्या डब्यांत बागा, न्हाव्याची दुकानं, मुलांची शाळा. शेवटच्या डब्यांत गरीब माणसं, अंधारात, एकावर एक रचलेल्या फळ्यांवर झोपणारी. त्यांना रोज एक काळी वडी मिळते, आणि ती वडी झुरळांची आहे हे आपल्याला पुढे कळतं. शेवटच्या डब्यातली माणसं उठतात आणि एकेक डबा जिंकत इंजिनाकडे निघतात, अशी कथा.

भुसावळकराला हा सिनेमा वेगळा लागतो. आमचं गाव रेल्वेने घडवलं. एका बाजूने मुंबईकडची लाइन, एकीकडे नागपूर, एकीकडे खंडवा-इटारसी. लोको शेड, यार्ड, रेल्वे क्वार्टर्स, भोंगे. लहानपणी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील ‘रेल्वेत’ होते, आणि कोणत्या गाडीची वेळ झाली यावरून आया कुकर लावत. त्यामुळे मला वाटलं होतं, अण्णांना गाडी पाहून बरं वाटेल.

अण्णा अर्धा तास काही बोलले नाहीत. मग खाटेवरून जरा उठून बसले आणि विचारलं,

“ह्या गाडीचा गँगमन कुठी हाये?”

मुलगा म्हणाला, “आबा, बाहेर कुणी जिवंतच नाही. सगळं गोठलंय.”

“मंग चाव्या कोन ठोकतं?”

मुलाने सिनेमा थांबवला. त्याला प्रश्न कळला नव्हता. मला कळला, आणि पोटात एकदम काहीतरी हललं.

अण्णा चौतीस वर्षं रेल्वेच्या रुळावर होते. गँगमन म्हणून, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीत लागले, पुढे कीमन झाले. कीमन म्हणजे सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, आपल्या वाट्याचे पाचसहा किलोमीटर एका बाजूने जाताना आणि दुसऱ्या बाजूने येताना पायी तपासायचे. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी प्रत्येक चावी बघायची, सैल झाली असेल तर ठोकायची. एका किलोमीटरमध्ये दीड हजारावर स्लीपर असतात, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चाव्या. आता चाव्यांच्या जागी स्प्रिंगसारख्या क्लिपा आल्या आहेत, पण अण्णा त्यांनाही चाव्याच म्हणतात. हातोडा मारल्यावर येणाऱ्या आवाजावरून त्यांना कळायचं, चावी घट्ट आहे की नुसती बसलेली आहे.

रूळ लोखंडाचा, म्हणजे तो ऊन-थंडीला ऐकतो. उन्हाळ्यात हवा ४५ ला असते तेव्हा रूळ ६० च्याही पुढे तापतो. तो वाढायला बघतो, आणि वाढायला जागा मिळाली नाही तर कडेला वाकतो. म्हणून मेच्या ऐन दुपारी, मी आत्ता जे सुनसान गाव पडद्याआडून पाहते आहे त्याच वेळेला, माणसं रुळावर गस्त घालत असतात. हिवाळ्यात उलटं. पहाटेच्या थंडीत रूळ आखडतो आणि एखाद्या कच्च्या जोडावर तुटतो. म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त. त्यामुळे अण्णांच्या मनात आलेला प्रश्न अगदी रास्त होता. सगळं जग गोठलं आहे, म्हणजे रूळ रोज तुटणार. सतरा वर्षं. आणि बाहेर एकही माणूस नाही.

“सतरा वर्सं गाडी चालून ऱ्हायली,” अण्णा म्हणाले, “अन् रुयावर एक मानूस नाई. हे लिहिनाऱ्याले रूय काय असते, माहीत नाई.”

मुलगा म्हणाला, “ती रूपककथा आहे, आबा. गाडी म्हणजे समाज.”

अण्णा म्हणाले, “समाजालेबी रूय असतेच ना.”

यावर आमच्यापैकी कुणालाच काही बोलता आलं नाही.

थोड्या वेळाने, चहा झाल्यावर, त्यांनी ती गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती सगळ्यांना अर्धीमुर्धी माहीत आहे, पण त्यांनी स्वतःहून कधी पूर्ण सांगितलेली नव्हती. नव्वदच्या दशकातला डिसेंबर. सावदा आणि निंभोऱ्याच्या मधली लाइन, दोन्हीकडे केळीच्या बागा. त्या आठवड्यात थंडी एवढी की केळीवर चरका पडलेला. पहाटे कंदील घेऊन जाताना त्यांना एका ठिकाणी रुळात फट दिसली. दोन बोटं बसतील एवढी. इटारसीकडे जाणाऱ्या गाडीची वेळ झालेली. मग काय करायचं ते ठरलेलं असतं. लाल बत्ती घेऊन येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळायचं. सहाशे मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा. पुढे पळत राहायचं. बाराशे मीटरवर तीन फटाके, दहा-दहा मीटरच्या अंतराने. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हरला कळतं, पुढे धोका आहे.

अण्णांनी हे सांगताना आवाज चढवला नाही, उतरवला नाही. “सहाशेवर एक. बाराशेवर तीन.” एवढंच दोनदा म्हणाले. गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि हिंदीत विचारलं, कुठे आहे. अण्णांनी हाताने दाखवलं. गाडीतले लोक झोपलेले होते. त्यांतल्या कुणाला आजही माहीत नसेल.

मी गेल्या दोन वर्षांत कितीतरी थरारक मालिका पाहिल्या. मागे वाजणारं संगीत, पळणारा माणूस, घड्याळाचा काटा. पण अंधारात खडीवरून पळणारा, मनात मीटर मोजणारा माणूस माझ्याच घरात खाटेवर बसलेला होता आणि त्याच्या गोष्टीत मागे काहीही वाजत नव्हतं.

सिनेमा पुन्हा सुरू केला. नायक शेवटी इंजिनापर्यंत पोचतो. इंजिनाचा मालक त्याला समजावतो, गाडी टिकवायची तर प्रत्येकाने आपापल्या जागी राहिलं पाहिजे. मग जमिनीतली एक फळी उघडते आणि खाली, यंत्राच्या दातांमध्ये, एक लहान मूल काम करताना दिसतं. इंजिनाचा एक भाग झिजून संपला आहे, तो आता कुठे मिळत नाही, आणि त्या फटीत पाच वर्षांच्या आतलं मूलच मावतं. म्हणून शेवटच्या डब्यातली मुलं उचलून आणायची. नायक आपला हात त्या दातांमध्ये घालतो आणि मुलाला बाहेर काढतो. हात जातो.

अण्णा पडद्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “पार्ट नसला तं गाडी उभी करा लागते. मानूस नाई लावत.”

दिग्दर्शकावर माझा अजिबात राग नाही. उलट, मला वाटतं त्याने ते मूल जमिनीखाली दाखवलं तिथे तो अण्णांच्या प्रश्नाच्या अगदी जवळ आला होता. जी गाडी आपोआप चालते असं सगळ्यांना सांगितलं जातं, तिच्या तळाशी कुणीतरी हातांनी ती चालवत असतं. फक्त तो गाडीच्या आत थांबला. बाहेरच्या रुळापर्यंत त्याची नजर गेली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीनच रीत पडली. काहीही पाहताना कुणीतरी विचारायचं, यात कोण दिसत नाही? मी शिक्षिका आहे, मला त्यासाठी सोपा शब्द सापडला. हजेरी. सिनेमा सुरू झाला की मी मनातल्या मनात हजेरी घेते. कोण हजर, कोण गैरहजर, आणि गैरहजर असलेल्याची चौकशी कुणी केली का?

या हजेरीमुळे काही मालिका एकदम पडल्या. नावं लिहीत नाही. ज्यांत कॅमेरा प्रेताभोवती गिरट्या घालतो, जखम जवळून दाखवतो, आणि मेलेल्या बाईला नाव सोडून काहीच देत नाही, त्या आम्ही दोन भागांत बंद केल्या. ज्या राहिल्या त्यांत ‘दहाड’ सगळ्यात वर. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची, मे २०२३ मध्ये आलेली, आठ भागांची. राजस्थानातलं मंडावा. सार्वजनिक शौचालयांत, आतून कडी लावलेल्या अवस्थेत बायका मेलेल्या सापडतात, आणि प्रत्येक वेळी आत्महत्या म्हणून कागद बंद होतो. सोनाक्षी सिन्हाने केलेली पोलीस अधिकारी अंजली भाटी हे कागद एकमेकांशेजारी ठेवते. खुनी कोण हे मालिका फार वेळ लपवत नाही. विजय वर्माचा तो मृदू बोलणारा प्राध्यापक, सुट्टीच्या दिवशी गाडीत पुस्तकं भरून खेड्यातल्या मुलांना वाचायला देणारा, आपल्याला लवकरच कळतो. मला आधी हे चुकलं असं वाटलं. रहस्यच संपलं तर पुढे काय पाहायचं?

पण पुढेच खरं सुरू होतं. एवढ्या बायका गेल्या आणि कुणी शोधल्या का नाहीत? घरच्यांना वाटलं, पळून गेली. हुंडा द्यायचा नव्हता, पोरगी आपल्या पायाने गेली, बरं झालं, पण बभ्रा नको. एक भाऊ ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो तेवढाच. खुन्याची हुशारी अशी की कुणाच्या गैरहजेरीची चौकशी होत नाही हे त्याने नेमकं ओळखलं होतं. आई चिंचा बाजूला ठेवून पाहत होती. म्हणाली, “एकीच्या मायनं जरी रस्त्यावर बसून बोंब मारली असती ना, तं बाकीच्या वाचल्या असत्या.” मग थोड्या वेळाने, “पन मायले बोलू कोन देतं.”

आईबद्दल लिहायलाच हवं, कारण दोन ठिकाणी तिने आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पाहिलं.

‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, २०१५ चा. वाळवंट, मोठमोठ्या गाड्या, पाठलाग. नामिबियाच्या वाळवंटात चित्रीकरण झालेलं, आणि पाहताना डोळे दिपतात हे खरं. पण मला दोन तास पाठलाग बघवत नाही, त्यामुळे त्यातल्या गाड्यांबद्दल लिहिणार नाही. सुरुवातीचं एक दृश्य मात्र मनात राहिलं. उंच कड्यावर उभा राहून तो जुलमी राजा पाण्याचे दरवाजे उघडतो. खाली हजारो माणसं, हातात भांडी. पाणी कोसळतं, माणसं एकमेकांवर तुटून पडतात, आणि काही क्षणांत दरवाजे बंद. वर तो त्यांना सांगतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका.

आई म्हणाली, “नंबर नाई लावला कोनी.”

तिला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. तिच्या लहानपणी, जामनेरकडच्या खेड्यात, दुष्काळात टँकर यायचा. टँकर दुपारी येणार असेल तर पहाटेपासून हंडे रांगेत लागायचे. हंडा घरात एकच असेल तर त्याच्या जागी वीट. वीट नसेल तर दगड, तुटकी चप्पल, दोरीचा तुकडा. बाई शेतात गेलेली असायची, तिची वीट रांगेत उभी असायची. आणि ती वीट कुणी सरकवायची नाही. बाळंतिणीच्या घरची वीट पुढे घ्यायची, हे न बोलता ठरलेलं. भांडणं व्हायची, झिंज्या धरल्या जायच्या, हेही आई सांगते. पण ती भांडणंसुद्धा नंबरावरूनच. नंबर असतो यावर कुणाचं दुमत नसायचं.

मला वाटतं ही त्या सिनेमांची मोठी उणीव आहे. पाणी संपलं की माणूस लगेच जनावर होतो, असं ते धरून चालतात. ज्यांनी टंचाई कधी सोसली नाही त्यांना तसं वाटत असेल. ज्यांनी सोसली त्यांनी विटांची रांग लावली. गैरहजर बाईची हजेरी लावणारी वीट! मी इतकी वर्षं मुलांना शिस्त म्हणजे काय हे समजावते आहे, आणि माझ्या आईकडे त्याचं हे उदाहरण पडून होतं.

दुसरं ठिकाण ‘डार्क’. जर्मन मालिका, २०१७ ते २०२० मध्ये तीन हंगाम. विंडेन नावाचं लहान गाव, जंगल, एक गुहा, आणि गावावर सावली धरून बसलेलं अणुवीज केंद्र. आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, त्यामुळे ते गाव आम्हाला पहिल्याच भागात ओळखीचं झालं. २०१९ साली एक शाळकरी मुलगा हरवतो. शोधता शोधता कळतं की गुहेतून काळात मागे जाता येतं, तेहतीस वर्षं मागे, १९८६ मध्ये, आणि तिथून आणखी मागे १९५३ मध्ये. चार घराणी, आणि त्यांच्या तीन-तीन पिढ्या एकमेकांत गुंतलेल्या. मी दुसऱ्या हंगामात हरवले. मुलाने तर कागदावर वंशावळ काढायला घेतली.

आईला कागद लागला नाही. आमच्याकडे लग्न जमवताना मामेकुळं, आजोळ, सोयरिकी अशा चार पिढ्या तोंडावर उलगडतात, आणि ती हे आयुष्यभर करत आली आहे. ती पात्रांची जर्मन नावं घेत नव्हती. “ती पोलिसाची बायको”, “शाळेतल्या बाईचा पोऱ्या”, “तो आंधळ्या घड्याळवाल्याचा”, अशी तिची यादी. घड्याळवाला आंधळा नाही हे मुलाने सांगितलं तरी तिने नाव बदललं नाही. आणि जेव्हा उघड झालं की हरवलेला मुलगा १९८६ मध्येच अडकला, तिथेच मोठा झाला, दुसऱ्या नावाने त्याच गावात राहिला, लग्न केलं, बाप झाला, तेव्हा मी थक्क होऊन बसले होते. आई शांतपणे म्हणाली,

“पोरगं हरवलंच नाई मंग. गावातच होतं. नीट पाहयलं नाई कोनी.”

ते वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. त्याचं कारण माझ्या शाळेत आहे.

सुट्टीच्या शेवटी आम्ही ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ पाहिला. अल्फोन्सो कुआरोनचा, २००६ सालचा. पी. डी. जेम्स यांच्या कादंबरीवरून. गोष्ट घडते २०२७ मध्ये, म्हणजे बनवला तेव्हा ते साल लांब होतं आणि आता दाराशी आलं आहे. अठरा वर्षं जगात एकही मूल जन्मलेलं नाही. का, ते सिनेमा सांगत नाही, आणि ते न सांगणं मला फार योग्य वाटलं. लंडन चालू आहे. लोक कामाला जातात, कॉफी घेतात, बाहेरून आलेल्या निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडलेलं असतं आणि त्याच्या शेजारून लोक चालत जातात. पुन्हा तीच सवय.

आणि मग ती शाळा. नायक थिओ, एक सुईण आणि ‘की’ नावाची गरोदर मुलगी पळून जाताना एका ओस पडलेल्या शाळेत थांबतात. व्हरांड्यातून एक हरीण पळत जातं. बाहेर गंजलेल्या झोक्यावर ‘की’ बसलेली. सुईण सांगते, सगळं कसं सुरू झालं. पुढच्या तपासणीची तारीख लिहायला तिने वही उघडली, आणि सात महिन्यांनंतरच्या पानावर एकही नाव नव्हतं. खेळाच्या मैदानांचा आवाज थांबला तसा लोकांच्या मनातला उजेड गेला, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणते.

मला तिथे सिनेमा थांबवायला सांगावं लागलं.

माझ्या शाळेत पावरा आदिवासी मुलं येतात. जुलैमध्ये वर्ग भरलेला असतो. माझ्या वर्गात पटावर अठ्ठावीस. दिवाळी झाली की ट्रक येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, सुरत-बारडोलीकडे. त्याला ‘कोयत्यावर जाणं’ म्हणतात. म्हातारी माणसं मागे राहिली तर एखाददुसरं मूल राहतं. नाहीतर सगळे जातात, कारण तळावर तान्ह्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी हवं, आणि ती सांभाळणारी माझी तिसरीतली मुलगी असते. नोव्हेंबरच्या शेवटी वर्गात अकरा मुलं उरतात. कधी नऊ. आम्ही जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड भरून देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतील. कार्ड ट्रकमध्ये कुठल्या बोचक्यात जातं, ते मला कळत नाही.

त्या चार महिन्यांत दुपारच्या सुट्टीत आमच्या मैदानावर आवाज नसतो. असतो, पण तो अकरा मुलांचा असतो, आणि पायथ्याची डोंगररांग तो लगेच पिऊन टाकते. हरीण येत नाही, शेळ्या येतात. व्हरांड्यात शिरतात आणि मी त्यांना हाकलते. सिनेमातली ती सुईण वहीकडे बघते तशी मी हजेरीपटाकडे बघत आले आहे. ‘गै’, ‘गै’, ‘गै’. पानभर. तिच्या जगात मुलं जन्मली नाहीत. माझ्या मुलांना मी नावाने ओळखते. आईने ‘डार्क’मध्ये ओळखलं तेच, मुलं हरवलेली नाहीत. ती दोनशे-अडीचशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहेत. आपण सकाळी चहात घालतो त्या साखरेच्या पलीकडल्या टोकाला. इंजिनाच्या फळीखाली.

अण्णांना मी हे सांगितलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते, त्यांना कळलं असावं. मुलाला म्हणाले, “लाव पुढं.”

शेवटाकडे एक लांबलचक प्रसंग आहे. वेढलेली इमारत, गोळीबार, धूर, आणि त्यात कीचं नवजात बाळ रडायला लागतं. आवाज जिन्यात पसरतो. एकेक सैनिक बंदूक खाली करतो. कुणी गुडघे टेकतं. बायका बाळाच्या पायाला बोट लावायला हात पुढे करतात. मधून ती माणसं बाळाला घेऊन चालत जातात आणि कुणी कुणाला मारत नाही. आईच्या हातातली चिंच तशीच राहिली होती.

मग बाहेर कुठेतरी स्फोट होतो आणि गोळीबार पुन्हा सुरू होतो.

“पुन्हा?” अण्णा म्हणाले. “पोरगं अजून जिन्यातच असंल ना.”

त्यांचा आवाज थोडा फुटला होता. मी त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या मरणावर रडलेलं पाहिलं नाही. त्यांच्या गँगमधला एक माणूस गाडीखाली गेला होता, तेव्हाही घरी येऊन ते फक्त आंघोळ करून बसले होते. त्या दुपारी ते उठले, माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन शेवटपर्यंत बसले.

हे लिहिते आहे तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडा झाला आहे. पाऊस एक झालाय, डोंगर अजून तपकिरीच आहे. पहिल्या दिवशी सतरा मुलं होती, काल तेवीस. तिसरीतली आता चौथीत गेलेली ती मुलगी आली आहे. तळहातावर उसाच्या पात्याने चिरलेल्या पांढऱ्या रेघा, आणि कडेवर धाकटा भाऊ. त्याला घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून मी त्याला वर्गातच बसू देते. तो पाटीवर रेघा ओढतो आणि प्रत्येक नावाला ‘हजर’ म्हणतो. आता सगळी मुलं त्याची वाट बघतात.

एकोणीस नंबरचा मुलगा आलेला नाही. त्याच्या वाडीतली मुलं म्हणतात, ट्रक परत आला, पण ते घर आलं नाही. गेल्या वर्षी मी त्याला दुपारी भागाकार शिकवत होते, त्याला बाकी उरली की राग यायचा. सध्या रोज त्याचं नाव वाचते आणि थोडा वेळ थांबते. आज त्या लहानग्याने त्यालाही ‘हजर’ म्हटलं. मुलं गप्प झाली. मी पेन उचललं, ‘गै’ लिहिलं, आणि मुख्याध्यापकांकडून त्याच्या वडिलांचा मुकादम कोण आहे तो नंबर घेतला. शाळा सुटल्यावर फोन लावायचा आहे.